वीणा कुणाकडे द्यायची?

वीणा गळ्यात घालून पोलीस ठाण्यात उभा राहिलेला हवालदार मी सगळ्या नोकरीत एकदाच पाहिला. ती सकाळ आठवली की मला आजही राग येतो.

वेल्ह्याकडच्या एका गावात हरिनाम सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते; ती घेऊन आळीपाळीने उभं राहणं म्हणजे पहारा. देवळातली वीणा चोरीला गेल्याची फिर्याद भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी आदल्या संध्याकाळी दिली. संशय होता वीणा घेऊन पहाऱ्याला उभ्या असलेल्या एका बेघर म्हाताऱ्यावर. सकाळीच कापूरहोळच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला.

"साहेब, हितं एक म्हातारा हाय. गळ्यात देवळातली वीणा. कालपासनं उभाच हाय. बसा म्हणलं तर बसंना, च्या बी उभ्यानंच पिला."

चोर चोरीचा माल गळ्यात मिरवत हमरस्त्यावर चहा पीत नाही. मला ते खटकलं, तरी गाडी पाठवून त्याला आणवलं.

"वीणा टेबलावर ठेवा आणि बसा," मी म्हणालो.

"सप्ताहातली वीणा खाली टेकवत नाहीत, साहेब. कुणीतरी गळ्यात घ्या."

बोलणं शहरी, आवाज पार फाटलेला. नाव विचारलं, गाव विचारलं, दरडावलंही. त्याने भिंतीला हात टेकला, पण उत्तर तेच.

आमचे एक हवालदार माळकरी होते. त्यांनी पट्टा सोडला, बूट काढले, हातपाय धुऊन आले. "बुवा, द्या माज्याकडं," म्हणाले. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. त्या रिवाजाने हवालदार संशयिताच्या पाया पडले. मग कुठे बुवा खुर्चीत बसले आणि बोलू लागले. मुद्देमाल गळ्यात घेऊन हवालदार शेजारी उभे होते.

बुवा एके काळी ख्याल गायचे. "मैफली होत्या तेव्हा रोज कुणाच्या तरी घरी मुक्काम असायचा. स्वतःचं घर करायचं राहूनच गेलं. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. मग त्याच घरांतून सांगू लागले, सध्या पाहुणे आहेत."

पहाऱ्याला आवाज लागत नाही, उभं राहायची तयारी लागते. जेवण मिळतं, देवळाचं छप्पर मिळतं. म्हणून बुवा या सप्ताहातून त्या सप्ताहात जात राहिले.

"मग वीणा घेऊन गावाबाहेर का आलात?"

"पुढचा पहारेकरी आलाच नाही. देवळात चिटपाखरू नव्हतं. चक्कर यायला लागली. वीणा कुणाकडे द्यायची? टेम्पोवाला म्हणाला, सगळे कापूरहोळला सत्काराला गेलेत. त्याच्याबरोबर आलो, तोवर सगळे पांगले होते. परतायला गाडी मिळाली नाही."

मी अध्यक्षांना बोलावून घेतलं. एवढंच विचारलं, "पुढचा पहारा कुणाचा होता?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माजाच व्हता, साहेब. पुढारी येणार व्हते, हार घालायला म्या लागतोच. म्हणलं म्हातारा हाय की उभा. माघारी आलो तर वीणा न्हाई. पहारा म्या मोडला म्हणून गावाला कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणून चोरी. ज्याचं कुणी नाही त्याच्या माथी मारली की काम भागतं. मी त्यांना सुनावलं आणि जबाब घेतला. पण वरिष्ठांना फोन गेले आणि सगळं गैरसमज म्हणून मिटवण्यात आलं.

मंडळी गुलाल, टाळ घेऊन टेम्पोतून वीणा न्यायला आली. बाकावर बसलेले बुवा हळूच उठले आणि टेम्पोकडे निघाले. अध्यक्षांनी त्यांना हाताने थोपवलं.

"तुमी नगा आता. पोलिसात जाऊन आलेल्या माणसाच्या गळ्यात वीणा दिली तर लोक नावं ठिवतील."

ही बातमी खोऱ्यात गावोगाव गेली. त्यानंतर बुवांच्या गळ्यात कुणीच वीणा दिली नाही. पुढे ते मला भोरच्या एसटी स्टँडवर दिसले. बाकं रिकामी होती, तरी खांबाला टेकून उभे होते. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला. ओळख मात्र दाखवली नाही.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. फिर्याद आली की आधी फिर्याद देणाऱ्याकडे नीट बघायचं. पण एवढं शिकून बुवांना काय मिळालं? मुद्देमाल मूळ मालकाच्या ताब्यात दिला, असं लिहून मी कागद मिटले. वीणेला मालक होता.