मावशींचा काढा आणि मागच्या खोलीतली कॉट

सकाळी मावशींनी कारखान्याच्या मागच्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. कॉट नव्हती! तिच्या जागी शर्टांची खोकी पार छतापर्यंत रचली होती.

शर्टांच्या त्या कारखान्यात इस्त्रीवाल्या मावशी म्हणजे बायकांच्या अर्ध्या डॉक्टरच. कुणाची पाळी आली, पोटात पिळवटायला लागलं, की मावशींचा थर्मास उघडायचा. आत ओवा, सुंठ आणि गुळाचा गरम काढा. मग ओटीपोटाला कोमट तिळाचं तेल, त्यावर इस्त्रीनं गरम केलेलं फडकं आणि कॉटवर अर्धा तास आडवं. पाळीच्या आधीच जिची छाती धडधडते, उगाच भीती वाटते, तिला डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला लावायच्या. एवढं करूनही जिचं दुखणं हटत नसे तिला दटावून दवाखान्यात धाडायच्या. त्यांची सूनही त्यांच्याच टेबलावर इस्त्री करायची, आणि आज पाळीच्या दुखण्यानं तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मावशी तरातरा सुपरवायझरकडे गेल्या.

"साहेब, कॉट कुठं गेली?"

"भंगारात काढली. बाहेर पडलीय, दुपारी गाडी येईल." साहेब अगदी खुशीत होते. "अहो मावशी, परवा मालकांच्या पाहुण्यांसमोर तुम्हीच म्हणालात ना, माझा एक पेला पोटात गेला की पोरगी टुणकन उठून कामाला लागते? मग कॉट कशाला अडवून ठेवायची? आता दारातच काढ्याचं मोठं पातेलं ठेवू. हवा तेवढा प्या आणि लागा कामाला!"

मावशी तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. पाहुणे तोंडभर कौतुक करत होते, मावशी हरभऱ्याच्या झाडावर चढल्या होत्या, आणि शेक, आराम वगैरे सांगायचं राहूनच गेलं. राहून कसलं गेलं, सगळं कौतुक काढ्यालाच हवं होतं बाईंना! आपल्याच तोंडानं आपण पोरींची कॉट घालवली!

"साहेब, नुसत्या काढ्यानं नाही हो भागत. आडवं पडावं लागतं."

"ते राहू द्या. काढ्यानं गुण येतो की नाही, एवढंच सांगा."

तेवढ्यात मागं धाडकन आवाज झाला. सुनेच्या हातून इस्त्री खाली पडली होती आणि टेबलाला धरून ती मटकन बसली होती. मशिनं थांबली. बायका धावल्या.

मावशींनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि साहेबांकडे वळल्या.

"नाही येत गुण!" त्या ओरडल्याच. "काही दम नाही त्या काढ्यात. नुसतं गोड पाणी आहे. पोरींना बरं वाटतं ते पडून राहिल्यानं."

साहेबांनी डोळे वटारले. "म्हणजे पाहुण्यांना थापा मारल्यात?"

"मारल्या."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "ए, ती कॉट आत घ्या रे," ते हमालांवर खेकसले. "आणि मावशी, तो थर्मास पुन्हा इथं दिसता कामा नये."

काजं-बटणं करणारी मावशींची जुनी मैत्रीण पुढं आली. ऐन पाळीतही ती त्या काढ्याच्या भरवशावर मशिनवर बसायची.

"अगं, इतकी वर्षं फसवत होतीस आम्हाला?"

मावशींना रडू फुटायचं बाकी होतं. पण साहेब अजून तिथंच उभे होते आणि कॉट अर्धी दाराबाहेर होती.

"हो," मावशी म्हणाल्या.