दारातले सिग्नल

बाबा मंगळवारी सकाळी गेले. आईने हाक मारली, मी न्हाणीतून बाहेर आले, तोवर त्यांचा श्वास थांबला होता.

बाबा रेल्वेत इंजिन चालवत. त्या कामात एक रीत असते. समोरचा सिग्नल दिसला की चालक तो मोठ्याने बोलतो आणि शेजारचा सहायक तेच पुन्हा बोलतो. दोघांनी नुसतं पाहून भागत नाही. निवृत्त झाल्यावर ही रीत ते घरी घेऊन आले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला निघाले की ते दारात उभे राहत.

"गॅस?"

"बंद."

"किल्ली?"

"हातात."

"चष्मा?"

"बाबा, नाकावर दिसून नाही राहिला का?"

"हव, दिसून राहिला. पण बोल."

आमचं शहर हिंदी मुलखातलं; शेजारच्या दीदी हसायच्या. "अंकल, गाड़ी छूटने वाली है क्या?" म्हाताऱ्या माणसाची हौस म्हणून, चाळिशी ओलांडल्यावरही मी उत्तरं देत राहिले.

ते गेल्यावर दारात कोणी विचारेना. पातेली करपू लागली. स्कूटीची किल्ली पंडरीच्या बाजारात स्कूटीलाच राहिली. मग एका दुपारी फोन विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परतले, तर घरात गॅसचा वास. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, गॅस सुरूच होता, आणि आतल्या खोलीत आई झोपलेली.

ते कळल्यावर नागपूरहून भावाचा फोन आला. "आईले मी घेऊन जातो. तुह्याच्यानं होऊन नाही राहिलं."

आई गेली असती तर घरात मी एकटी उरले असते.

सगळे म्हणाले, दुःखानं होतं असं. मीही आधी तेच मानलं. ग्रंथालयात शोकावरची पुस्तकं काढून वाचली. त्यांतलं विसरणं दुःखानंतर सुरू झालेलं होतं, माझं मात्र शाळेपासूनचं. पुस्तक हाती असलं की कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येत नसत. पुस्तक नसलं की एकही काम शेवटाला जात नसे. हे काय असावं, याची मला दुःखातही उत्सुकता वाटली. म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी शाळेचं विचारलं, नोकरीचं विचारलं, पुढच्या वेळी आईला आणायला सांगितलं. त्या दुसऱ्या भेटीत, आई शेजारी बसलेली असताना, एडीएचडी हा शब्द उच्चारला. उड्या मारणाऱ्या पोरांचा तो आजार, एवढंच मला ठाऊक होतं. ते म्हणाले, लक्ष तुमच्याकडे भरपूर आहे, लगाम सैल आहे. मग कुतूहलानं विचारलं, "इतने साल सँभाला कैसे?"

मी दारातल्या प्रश्नांबद्दल सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पिताजी भी ऐसे थे क्या?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई बोलली. "त्यायचंच तर होतं, डॉक्टरसाहेब. इंजिनावर माणूस पक्का. घरी चहा मांडून भाजी आणाले निघून जाये. मंग पोरीले इचारू इचारू सोताच गॅस पाहून ये."

डॉक्टर म्हणाले, हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. पण गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही. परतताना रिक्षात मी त्याचाच विचार करत होते. त्या दारात चालक कोण होतं आणि सहायक कोण? मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी भावाचा पुन्हा फोन आला. आईनंच घेतला. "मी कुठी येत नाही. इले इचारणारं कोणी पाहिजे ना? मी इचारतो."

आता सकाळी मी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेते. दुधाजवळून हलत नाही. निघताना आई दारात येते, गॅस विचारते, किल्ली विचारते. मी तिला तिची बीपीची गोळी विचारते. ती "घेतली" म्हणते, कधी "थांब" म्हणून आत जाते. चष्मा विचारायचं तिच्या लक्षात राहत नाही. तो सिग्नल मी एकटीच बोलते.