कोपराचे चट्टे आणि कंपौंडरचाचा

सबंध परंड्यात माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या कातडीकडे बघणारा माणूस एकच होता, आणि ते म्हणजे आमच्या गल्लीतले कंपौंडरचाचा. निजामाच्या अमदानीत दवाखान्यात लागले आणि विलीनीकरणानंतरही त्याच बाकावर, त्याच रुमी टोपीत बसून राहिले. हॉटेलात चहा पुढं करणाऱ्याचा हात धरून म्हणायचे, "कड लाल, मधी साफ. गजकर्ण हाय. दुसऱ्याचा टावेल वापरू नको." एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या पोटऱ्या त्यांनी अशा निरखल्या, की बिचारा बुंदी वाढायचं विसरला. "ह्ये इसब. पानी सुटतंय, खाज लई. गजकर्णाचं मलम लावशील तर चिडंल," असा निकाल त्यांनी भर पंगतीत दिला. लोक हसायचे आणि हळूच आपलीही बाही वर करून दाखवायचे.

माझी धाकटी बहीण अणदूरला दिलेली. एके दिवशी सासऱ्यांनी तिला बोचक्यासकट आमच्या दारात आणून सोडलं. कोपरांवर, गुडघ्यांवर जाड लाल चट्टे, वर पांढरा चकचकीत कोंडा. 'महारोग' हा शब्द त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच उच्चारला. तिचं दीड वर्षाचं पोर मात्र तिकडंच ठेवून घेतलं होतं. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.

चाचांनी चट्टे पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना घेऊन अणदूरची मोटार धरली. सासऱ्यांच्या ओसरीवर त्यांनी बहिणीला डोळे मिटायला लावले आणि कापसाची बारीक वात चट्ट्यांना टेकवत गेले. वात टेकली की ती नेमकं तिथंच बोट ठेवी. एकदाही चुकली नाही.

"महारोगाचा चट्टा बधिर असतोय, पाव्हणं," चाचा म्हणाले. "ह्येला सोरायसिस म्हन्तेत. लागट न्हाय."

सासरे हलेनात. मग चाचा त्यांच्या फेट्याच्या कडेकडं टक लावून बसले.

"फेटा काढा म्हनत न्हाय, चारचौघांत बरं दिसत न्हाय. पन तुमच्या कानामागं ह्येच हाय. किती वर्सं झाली? तुमाला कुनी घराबाहेर काढलं?"

सासऱ्यांचा हात कानाकडं गेला आणि तिथंच राहिला. मग ते उठले, आतून नातवाला घेऊन आले आणि त्याला बहिणीच्या मांडीवर दिलं.

बहिणीला तिच्या घरी ठेवून परतताना चाचा खुशीत असतील असं मला वाटलं होतं. ते तुळजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

"नोकरी नवी होती माझी," एकाएकी म्हणाले. "अशीच एक बाई आली, असेच चट्टे. डॉक्टर गावाला गेल्याले. लोकांनी इच्यारलं, महारोग का? म्या व्हय म्हून मान हालिवली. वातीचं मला ठावंच नव्हतं."

"मग?"

"गावाबाहेर घातली तिला. पुढं बुकात वाचलं, तवा हुडकत गेलो. झोपडी होती. ती नव्हती."

मी हातातल्या तिकिटांच्या घड्या घालत बसलो. बहिणीचे चट्टे पुढं येत-जात राहिले आणि ती सुखानं नांदली. चाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या मोटारीत त्यांचा हात तरी धरायला हवा होता, असं अजून वाटतं.