आभाळातली मेर

दादा गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस चपला काढतो, चहा घेतो आणि एक किस्सा ठेवून जातो. आता घरात बसायला जागा कमी, किस्से जास्त! शनिवारी डिचोलीला दादाच्या हायर सेकंडरीत शोकसभा होती. तिथं भावाबद्दल मी बोलायचं ठरलं. मी नववी नापास, पेडण्यात बाइक दुरुस्त करतो. भाषण कुठून येणार? म्हणून किस्सेच जमवले.

दादा फिजिक्स शिकवायचा. पृथ्वी म्हणजे मोठं लोहचुंबक. त्याचा अंमल आभाळात जिथं संपतो, त्या हद्दीला तो मेर म्हणायचा, शेताला असते तशी. ही मेर का हलते, हा त्याचा अभ्यास.

शेजारचे बाबलकाका शेताच्या मेरेसाठी कोर्टात जाऊन म्हातारे झालेले. त्यांनी दादाला विचारलं, "कोण सरकयता रे ती?"

"सूर्य."

"मगे ताच्यार केस घाल! वकील माझो घे."

म्हापशाला जाताना मी बाइक पळवत होतो. मागून दादा ओरडला, "शर्ट बघ! वारा वाढला की छातीला चिकटतो. सूर्याकडूनही वारा येतो. तो वाढला की मेर अशीच आत दबते, कमी झाला की बाहेर सरकते."

"कळलं!"

"मग हळू चालव, सरकू दे ना बाहेर!"

मयेच्या तळ्यावर शाळेची पिकनिक. दादा पाण्याकडे बघत म्हणाला, "वारा घासून जातो म्हणून या लाटा. मेरेवरही अशाच उठतात." तेवढ्यात पीटीच्या सरांनी त्याच्या पुढ्यातली भजी उचलली. दादाला लाटा दिसल्या. भजी गेलेली दिसली नाहीत!

एक गोष्ट मात्र अवघड, ती दादानं घरी समजावली. वारा तेवढाच, तरी कधी कधी मेर आत येते. कारण वाऱ्याबरोबर सूर्याचं चुंबकत्वही येतं. ते पृथ्वीच्या उलट दिशेचं निघालं की मेर कुरतडली जाते.

आई तांदूळ निवडत म्हणाली, "आमच्या जावयासारख्या! येता तितकोच, पण तोंड फिरवन इलो की घर खाता."

भावोजी बाहेर सोप्यावर होते. त्यांनी दुसरा चहा मागितला नाही.

शनिवारी हे सगळं सांगितलं. पोरं हसली. एक मुलगी उठली. "वारा पूर्ण थांबला तर मेर कुठे जाईल? सर म्हणाले होते, सोमवारी सांगतो."

अडलं की मी दादालाच फोन लावतो. मोबाइल काढला, लावला.

पहिल्या रांगेत आईच्या पिशवीत दादाच्या मोबाइलची रिंग वाजली. आईनं फोन काढून कानाला धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर वर्गात आसत. मागीर फोन करा."