यांची झडप

प्रयोगशाळेत किस्से घडत नाहीत, असा माझा समज होता. गेली दोन वर्षे दर गुरुवारी मी मेधाच्या प्रयोगशाळेत जाते. आता एक सांगावा तर दुसरा रुसतो. मेधा माझी जुनी विद्यार्थिनी. हृदयात बसवायच्या कृत्रिम झडपांवर कॅल्शियम साचू नये, म्हणून औषधाचा लेप कसा द्यावा, यावर ती संशोधन करते. रुग्णांसाठीची तिची मराठी पत्रके मी तपासते.

*

माझ्या यजमानांना गाईच्या ऊतीपासून केलेली झडप बसवली, तेव्हा हे म्हणाले, "यापुढे चहात दूध बेताने घाल. गाय आता नात्यातली झाली."

नऊ वर्षांनी ती झडप कॅल्शियमने कडक झाली. दुसरी बसवली, तिच्यासह हे चार महिनेच जगले. काढलेली पहिली झडप यांनी स्वतःच मेधाला देऊन टाकली होती.

*

प्रयोगशाळेत काढलेल्या झडपांच्या बरण्यांवर फक्त क्रमांक लिहितात, नाव नाही. तरीही मेधाचा सहायक इरफान सकाळी कपाट उघडताना यांच्या बरणीला "गुड मॉर्निंग, सर" म्हणतो.

मी विचारले, "उत्तर मिळते का?"

"नाही बाई. पण मेधा मॅडमही देत नाहीत."

*

पहिला लेप इतका जाड झाला, की चाचणीच्या नव्या झडपेची उघडमीट करणारी पाने एकमेकांना चिकटली.

मेधा म्हणाली, "बाई, कॅल्शियम अजिबात साचलं नाही."

इरफान म्हणाला, "आतून पाणीही गेलं नाही."

*

'झडप निकामी झाल्यास' या शब्दांनी सुरू होणारे पत्रक मी तीन गुरुवार घरीच ठेवले.

मेधाने विचारले, "बाई, चूक काय आहे त्यात?"

"चूक काहीच नाही. म्हणूनच वेळ लागतो आहे."

*

गेल्या गुरुवारी मेधाने पत्रक पुढे केलेच नाही. म्हणाली, "कॅल्शियम नेमकं कुठून धरायला लागतं, ते पाहायला सरांची झडप कापावी लागेल. लेप तिथेच द्यायचाय. तुम्ही नाही म्हणालात, तर राहू दे."

यांच्या शरीरातले एवढेच आता या जगात उरले आहे.

मी म्हणाले, "आधी चालवून दाखव."

इरफानने ती झडप यंत्रात बसवली. हृदयाच्या गतीने पाणी ढकलले जाऊ लागले. दोन पाने हललीच नाहीत. तिसरे अर्धवट उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"किती वेळ चालवू, बाई?"

मी स्टूल ओढून बसले. अकरा वाजले होते.

दोन वाजता मी म्हणाले, "आता काप."