मानेचं माप

आमच्या गावात मोळी काट्यावर तोलत नाहीत. विकणारी बाई ती दारात टाकते. जिला घ्यायची ती डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून खाली बसते, विकणारी मोळी उचलून तिच्या डोक्यावर देते, आणि घेणारी उठून अंगणातल्या झाडापर्यंत जाऊन परत येते. मग ती सांगते, मोळी पुरी आहे की उणी. तिची मान सांगेल ते माप.

मी नांदुऱ्याची. माहेरी लाकूड वखारीतून यायचं, मोठ्या काट्यावर तोलून, आणि तोलणं चालू असेतो वडील काट्यावरून नजर हलवायचे नाहीत. लग्न होऊन मोताळा तालुक्यातल्या या डोंगराकडच्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई डोक्यावर लाकडं घेऊन अंगणात फिरताना दिसल्या. मी तोंडाला पदर लावून हसले. त्यांनी ते पाहिलं. मोळी उतरवल्यावर तीच चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि मला खाली बसवलं. उठताना माझी मान खांद्यांत रुतली. त्यानंतर मी त्या मापाला कधी हसले नाही, पण ते शिकलेही नाही.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाईंची मान गावात नावाजलेली होती. शेजारणी आपल्या दारात आलेली मोळी आधी आमच्या अंगणात घेऊन यायच्या. आत्याबाई दोन लाकडं ओढून एकमेकांवर आपटायच्या. वाळलेलं टणटण वाजतं, ओलं भद्द वाजतं. मग मोळीच्या पोटात हात घालायच्या, कारण बाहेरून जाड लाकडं लावून आत काटक्या भरायची खोड जुनीच आहे. आणि शेवटी डोक्यावर. कडुलिंबाला वळसा घालून आल्या की तोंडातून एकच शब्द निघायचा. पुरी हा शब्द त्यांनी भिडेखातर कधी काढला नाही. सख्ख्या बहिणीनं घेतलेल्या मोळीलाही भर बायकांत उणी म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

घरात सिलिंडर येऊन बरीच वर्षं झाली. चहा, भाजी, पाहुण्यांचं सगळं गॅसवर. पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, हा आत्याबाईंचा कायदा. शेतातल्या कापसा-तुरीच्या पऱ्हाट्या-तुराट्या होत्या, पण त्या भुर्रकन जळून जातात आणि पाणी कोमटच राहतं. त्यासाठी जाड लाकूड लागतं, आणि ते आणायची एकच बाई. डोंगराच्या अंगाला तिची वस्ती. वाळलेलं, पडलेलं लाकूड गोळा करून पळसाच्या मुळांच्या दोरीनं बांधायची. काही आमच्या गावात विकायची, उरलेलं बाजाराच्या दिवशी धामणगाव बढ्याला न्यायची. आत्याबाईंपेक्षा थोडी लहान असेल. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती या दारात येत होती.

दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. एकदा मोळीच्या मधोमध बाभळीचं ओलं लाकूड निघालं, तेव्हा आत्याबाईंनी तिला भर उन्हात मोळीसकट परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. ती पुटपुटत गेली. मला वाटलं, आता ही काही या दारात पाय ठेवत नाही. पुढच्या खेपेला आली, दारात बसली, स्वतःच दोरी सोडली आणि एकेक लाकूड आत्याबाईंसमोर मांडलं. आत्याबाईंनी ते सगळं नीट पाहिलं आणि मला तिच्यासाठी चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर तिनं उणी मोळी कधी आणली नाही आणि तिचा चहा कधी चुकला नाही. दोघी समोरासमोर बसून चहा प्यायच्या, बोलायच्या फारसं नाही.

मागच्या पावसाळ्यात आत्याबाईंच्या छातीत पाणी झालं. बुलढाण्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आणलं तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. माझ्या नवऱ्यानं नांदुऱ्याहून आकड्याचा काटा आणला. मोळी त्याला अडकवायची, आकडा वाचायचा, संपलं. आत्याबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. काट्याले वलं का सुकं समजते काय, असं विचारून परत दिला. तो अजून गोठ्यात खिळ्याला लटकलेला आहे.

मोळीवाली आली तशी त्यांनी चुंबळ मागितली. मी नाही म्हटलं. नाही, नाही, असं मी तीन वेळा म्हटलं आणि चौथ्यांदा चुंबळ आणून दिली. माझ्यासमोर दुसरा रस्ताच नव्हता. ही बाई ऐकणारी नव्हती. त्या खाली बसल्या. मोळीवालीनं मोळी अलगद त्यांच्या डोक्यावर दिली, पण हात काढले नाहीत. आत्याबाईंनी जमिनीला हात टेकला, एक गुडघा उचलला. पुढे काही झालं नाही. त्या उठू शकल्या नाहीत. मोळीवालीनं मोळी उतरवून घेतली.

मग त्या मला म्हणाल्या, "आजपासून तूच पाह्य. माह्या मानेचं माप गेलं."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अंगणातलं त्यांचं येणं बंद झालं. ओसरीवर खाटेवर पडून राहायच्या, भिंतीकडे तोंड करून. शेजारीण मोळी दाखवायला आली तर सुनेकडं दाखव म्हणायच्या. औषध वेळेवर, पथ्य चोख, आणि तरी बाई रोज थोडी थोडी विझत होती. मला तेव्हा भीती वाटली ती छातीतल्या पाण्याची नव्हती. आपण या घरात आता कशाच्याही उपयोगाच्या नाही हे एकदा त्यांच्या मनानं घेतलं, की कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही राहणार नव्हतं.

मोळीवालीनं हे पाहिलं.  तिच्या पुढच्या खेपेला मी दारात चुंबळ घेऊन उभी राहिले, तर तिनं मला बाजूला सारलं आणि ओसरीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "माय, सूनबाईले माप येत नाही. तुम्हीच पाहा एकडाव."

यात खोटं काही नव्हतं, पण मला झोंबलं. आत्याबाई बराच वेळ हलल्या नाहीत. मग उठल्या, भिंतीला धरून अंगणात आल्या. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर हातानंच मला गप्प केलं. खाली बसल्या. मोळी या वेळी न तपासताच डोक्यावर आली. जमिनीला हात टेकला, गुडघा उचलला, आणि उठल्या. कडुलिंबापर्यंत गेल्या, झाडाला हात लावून थोडं थांबल्या, परत आल्या. मोळी उतरवून दिली. गोठ्याच्या बाजूला पाहत उभ्या राहिल्या. मला वाटलं, धाप लागली. मग म्हणाल्या, "पुरी."

त्या दुपारी त्यांनी भाकरी मागून घेतली. संध्याकाळी शेजारणीला हाक मारून विचारलं की तिची मोळी कशी निघाली. घरात पुन्हा माणूस राहायला आल्यासारखं झालं, आणि मी देवापुढे दिवा लावताना खरंच रडले.

पण मी ती मोळी चुलीमागे रचायला उचलली तेव्हा ती एका हातात आली. जाडीला पहिल्यासारखीच दिसत होती, पण दोरी ढिली होती आणि आत पोकळी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एक बाई आजारातून उठते आहे, तिची मान अधू झाली हे ओळखून ही तिच्या दारात अर्धी मोळी खपवते, आणि वर मलाच माप येत नाही म्हणते. मी आत्याबाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा भिंतीकडे तोंड झालं असतं. ठरवलं, पुढच्या वेळी तिला वाटेतच गाठायचं.

डोंगराकडून येणारी वाट आमच्या गोठ्यामागून पुढच्या दाराकडे वळते. तिच्या यायच्या वेळेला मी शेणाची पाटी घेऊन मागे गेले. ती तिथे उकिडवी बसली होती. एका मोठ्या मोळीची दोरी सोडून तिनं लाकडाचे दोन भाग केले होते. धावड्याची जड लाकडं एका जुडीत बांधून गोठ्याच्या कुडाला टेकवली होती, आणि उरलेल्या हलक्या लाकडांची सैल मोळी बांधत होती, फुगवून, जाड दिसेल अशी. आदल्या खेपेची जुडी कुडाशेजारी तशीच उभी होती. मी रोज तिथूनच शेण उचलत होते आणि मला ती दिसली नव्हती.

मी पाटी खाली ठेवली.  तिनं वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "माप पुरंच हाये सूनबाई. फक्त दोन जागी हाये."

मी तिच्याशेजारी बसले आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

तेव्हापासून मीही त्यात सामील होते. ती आधी मागे जड जुडी टाकायची, मग वळसा घालून पुढे यायची. मी मागची लाकडं पहाटेच्या पाण्याला वापरायची, म्हणजे पुढचा ढीग उरायला हवा तितका उरायचा. कारण मोळी किती दिवस पुरते हा आत्याबाईंचा दुसरा काटा होता, आणि तो मानेपेक्षा कडक होता.  ज्या घरात मूठभर काटक्यांचं उणं कधी खपलं नाही, त्या घरात आपण रोज फसवणूक करतो आहोत, हे मला टोचायचं. पण प्रत्येक खेपेला त्या उठायच्या, झाडाला वळसा घालायच्या, गोठ्याकडे पाहत दम घ्यायच्या आणि पुरी म्हणायच्या. तेवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. त्यांची ताकद पुन्हा उतरायला लागली. ती हलकी मोळीही आता मोळीवाली अर्धी स्वतःच्या हातावर तोलून धरायची आणि त्यांच्यासोबत झाडापर्यंत चालायची. एका संध्याकाळी मी ओसरीवर दिवा लावत होते. त्या खाटेवर गोधडी पांघरून बसल्या होत्या. त्या दिवशीच मोळी आली होती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "गोठ्यामागची मोयी आत घे. दव पडून राह्यलं. वली होईन."

माझ्या हातातली काडी विझली. कोणती मोळी, असं मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"तेच. ती बाई पयले मांगं टाकते, मंग पुढं आनते. मान गेली माही, कान नाही गेले."

मी त्यांच्या पायाशी बसले.  पहिल्या दिवसापासून माहीत होतं का, हे विचारायची गरजच नव्हती; गोठ्याकडे पाहत घेतलेला तो दम मला तेव्हा कळला. तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. सख्ख्या बहिणीचीही भीड न ठेवणाऱ्या बाईनं एवढे दिवस त्या मोळीला पुरी कसं म्हटलं?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवी सून असताना मी हसले होते, तेव्हा पाहिलं होतं तसं.

"मंग," त्या म्हणाल्या, "उनी होती काय?"

मी गोठ्यामागे गेले. जुडीवर दवाचा गारवा चढायला लागला होता. आत आणून खाटेजवळ ठेवली, तर त्यांनी हात लांब करून दोन लाकडं ओढली आणि एकमेकांवर आपटली. आवाज ऐकून मान हलवली आणि सकाळी पाणी नीट कडक तापव म्हणाल्या. मोळीवालीला मी यातलं काही सांगायचं नाही, हेही बजावलं. तिला वाईट वाटेल.

होळीच्या आधी त्या गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर, आपल्या नेहमीच्या वेळेला, मोळीवाली आली. मी चुलीपाशी होते. गोठ्यामागच्या आवाजासाठी माझे कान आपोआप तिकडे लागले. तो आला नाही. मोळी पुढच्या दारात पडली, एकदाच, आणि तो आवाज जड होता. मी बाहेर आले तेव्हा ती कडुलिंबाखाली बसून डोळे पुसत होती. मी तिच्यासाठी चहा टाकायला आत वळले.