आक्काने मागवलेलं पान

आक्का गेली तेव्हा मी परसात होते. तिनेच पाठवलं होतं. मागच्या भिंतीजवळ नवं काही उगवलंय का बघून ये, म्हणाली. मी चिडूनच गेले, पान खुडून आत आले, तिच्या हातावर ठेवलं... बोटं मिटली नाहीत.

महिना झाला त्याला. माझी ही थोरली बहीण नर्स होती. सगळी नोकरी तोरणमाळच्या पायथ्याच्या गावांत झाली. तिथल्या बायांकडून ती रानातली झाडं ओळखायला शिकली. निवृत्त होऊन शहाद्याच्या घरी आली, पुढे दृष्टी गेली, मग पडली आणि खुबा मोडला. मी विधवा, मूलबाळ नाही, तेव्हा तिचं करायचं ते मीच, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. अडीच वर्षं त्या एका खोलीत आम्ही दोघी. ती खाटेला खिळलेली आणि मी तिला.

दिवसातून चार-पाच वेळा हुकूम सुटायचा, परसात काय उगवलंय ते आण. पान दोन बोटांत चुरडायची, हुंगायची आणि नाव सांगायची. केना, पाथरी, आघाडा, भुईआवळा. तिचा नियम एकच, अनोळखी झाड उपटायचं नाही, फुलेपर्यंत थांबायचं. त्यापायी परसाचं रान झालं. साप निघेल म्हणून शेजारी कुरकुरायचे आणि बोलणी मी खायचे. एकदा जीव इतका विटला, की चार दिवस दारातलाच केना नेऊन दिला. आक्का हुंगायची, जरा थांबायची, म्हणायची, "नवी दिखस. जाय, आखो एक पान लई ये." मला वाटलं, म्हातारीचं नाकही गेलं. खरं सांगते, त्या दिवसांत मनात यायचं, ही सुटेल तर मीही सुटेन...

दहाव्याला शेजारची मंगल भांडी घासताना बोलून गेली. तिने आक्काला एकदा विचारलं होतं, सगळी झाडं ओळखून झाली, तरी बहिणीला कशाला पिदडता? आक्का म्हणाली होती, "मी नही धाडी ते ती या खाटजोडेच बठी ऱ्हास. तेवढाच वारा लागस तिले."

म्हणजे केना तिने पहिल्याच दिवशी ओळखला असणार. मी मंगलसमोरच रडले.

त्या शेवटच्या पानाचं झाड आता फुललंय, बारीक जांभळी फुलं. मला नाव येत नाही, आमच्या गल्लीत कुणालाच येत नाही. भेटेल तो म्हणतो, आता मोकळी झालीस, कुठेही जा. म्हणून परवा एक फांदी ओल्या रुमालात गुंडाळली आणि तोरणमाळच्या पायथ्याच्या त्या बायांना विचारावं म्हणून एसटी स्टँडवर गेले. गाडी लागलेली होती. पायरीवर एक पाय ठेवला आणि दांडा धरून तशीच उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बठा ना माय, गाडी निंघस."

मी म्हणाले, "नको भाऊ. घरमा बहीण एकलीच शे."

आणि उतरले. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा लवकर चल.